पावतीवरचा चार

सकाळी ९:४०. पुण्यात शिवाजीनगर कोर्टाजवळ, दुसऱ्या मजल्यावरची खोली. डिजिटल फोटो तपासणाऱ्या बाई कुलूप काढतात, संगणकाचा पडदा पुसतात. मी सोबत आहे. वकिलांनी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पावतीचा फोटो धाडलाय. अनामत ४५,०००. घरमालक आजी म्हणतात, घेतले १५,००० होते. कागद हरवलाय, भाडेकरूच्या मोबाइलमधला फोटो तेवढा उरलाय. बाई फोन लावतात. "हा दाबून आलेला फोटो म्हणजे धुतलेला सदरा. डाग कुठे शोधू? मूळ फाइल द्या."

११:१५. कारकून कोर्टात दाखल झालेल्या फाइलचा पेनड्राइव्ह आणतो. बाई तो राइट-ब्लॉकरमधून जोडतात, चुकूनही त्यावर काही लिहिलं जायला नको. प्रत काढतात. हॅशची, म्हणजे फाइलच्या ठशाची, ६४ अक्षरं वहीत, पेनाने. दोन कटिंग, २४ रुपये.

१२:००. जेपीईजी फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनातले आकडे ठरलेल्या कोष्टकाने भागून पूर्णांकात बसवतं. भाडेकरूच्या मोबाइलच्याच मॉडेलचा दुसरा मोबाइल बाईंनी गल्लीतल्या दुकानातून तासाभरासाठी आणलाय, १०० रुपये देऊन. त्याच्या फोटोतलं कोष्टक वेगळं निघतं. म्हणजे ही फाइल पुन्हा सेव्ह झालीय. पण नुसती कडा कापली तरी तसं होतं. एवढ्यावरून कुणाला लबाड ठरवायचं नाही, हे मलाही पटतं.

२:३०. डबा. पोळी, मटकी.

२:५०. दोनदा दाबलेल्या भागातल्या आकड्यांचा आलेख दात पडलेल्या फणीसारखा दिसतो. सगळी पावती तशीच आहे. रकमेतल्या ४ भोवतालच्या १८० चौकोनांत मात्र फणी नाही. बाई चौकोनांची जाळी एकेक ठिपका सरकवतात. ६४ जागा, एकेक करून. तीन उजवीकडे, पाच खाली... फणी उमटते! शेवटचं सेव्ह हलक्या हाताने झालं, म्हणून आधीचे वळ राहिले.

४:१०. मग हा ४ आला कुठून? वर डावीकडे तारीख आहे, १४. बाई दोन्ही चारांमधलं अंतर मोजतात. आडवं ४११ ठिपके, उभं २३७. आठाने भागल्यावर बाकी ३ आणि ५. त्या पुन्हा मोजतात. तेच. तारखेतला चार उचलून रकमेतल्या एकावर बसवलाय. माझे तळहात घामेजलेत.

६:२०. अहवाल ११ पानांचा, तीन प्रती, रंगीत छपाईचे ३३० रुपये. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. फी ८,०००, निम्मी मिळाली, उरलेली साक्षीच्या दिवशी. बदल कुणी केला, हे फाइल सांगत नाही, बाईही लिहीत नाहीत. पेनड्राइव्ह पाकिटात, पाकिटावर टेप, टेपवर सही.