न दिसणारा वारसा

बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती जमलेल्या बायकांत एक वाद हमखास रंगतो. कोणी म्हणते, "बाळाचे नाक पाहा, अगदी आजोबांचे!" दुसरी म्हणते, "नाक राहू द्या. हनुवटीवरची ही खळी आत्याचीच." नाव ठेवण्याचा मान आत्याचा असल्यामुळे त्या दिवशी बहुधा आत्याचीच सरशी होते.

हे बोलणे गमतीचे असले तरी त्यात एक खरे कोडे दडलेले असते. कधी कधी आईत नाही आणि वडिलांतही नाही, अशी एखादी गोष्ट मुलात प्रकट होते. मग घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "हा आजोबांवर गेला." आजोबांची ती खूण नातवात आली खरी, पण मधल्या पिढीत ती होती तरी कोठे? वाड्यातील पुरलेला हंडा एका पिढीच्या पायांखाली राहावा आणि पुढच्या पिढीस सापडावा, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

या कोड्याचा उलगडा प्रथम एका मठातील बागेत झाला. आजच्या चेक प्रजासत्ताकात ब्रनो नावाचे शहर आहे. तेथील मठात ग्रेगोर मेंडेल नावाचा एक धर्मोपदेशक राहत असे. त्याने १८५६ पासून १८६३ पर्यंत मठाच्या आवारात वाटाण्याची हजारो झाडे वाढविली. वाटाण्याचे काही दाणे गोल असतात, काही सुरकुतलेले. मेंडेलने या दोन जातींचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतील सर्व दाणे गोल निघाले. सुरकुत्या जणू नाहीशाच झाल्या! परंतु त्याने त्याच गोल दाण्यांपासून पुढची पिढी काढली आणि एकेक दाणा मोजला. ५,४७४ दाणे गोल भरले, तर १,८५० सुरकुतलेले. म्हणजे गेलेल्या सुरकुत्या परत आल्या होत्या, आणि त्याही एका ठरावीक हिशेबाने : तीन गोल दाण्यांमागे सुमारे एक सुरकुतलेला.

मेंडेलने यावरून असे अनुमान काढले की, प्रत्येक गुणासाठी सजीवाजवळ दोन घटक असतात. एक मातेकडून आलेला व एक पित्याकडून आलेला. या घटकांना आज आपण जनुके म्हणतो. दोहोंपैकी एक प्रभावी असेल तर तेच दिसते व दुसरे झाकले जाते. झाकले जाते, पण पुसले जात नाही. पुढच्या पिढीत दोन झाकलेली जनुके एकत्र आली की तो गुण पुन्हा उघड होतो. मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला; पण त्याचे महत्त्व फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. १९०० मध्ये तीन संशोधक स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षास येऊन पोहोचले, तेव्हा त्या जुन्या निबंधावरील धूळ झटकली गेली. मेंडेलला जाऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती.

माणसाच्या बाबतीत मात्र वाटाण्यासारखे प्रयोग करता येत नाहीत, आणि करूही नयेत. तेथे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे कुटुंबाचा वंशवृक्ष तपासण्याचा. वंशावळ लिहिण्याची प्रथा आपल्याकडे जुनीच आहे. त्र्यंबकेश्वरी गेलेल्या यात्रेकरूस तेथील क्षेत्रोपाध्याय आपल्या वह्या उघडून त्याच्या पणजोबांचे नाव वाचून दाखवितात, हे तुम्ही ऐकले असेल. अशा वंशावळींत बहुधा पुरुषांचीच नावे आढळतात. शास्त्रज्ञांच्या वंशवृक्षात असे चालत नाही. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, विवाहासाठी दोहोंना जोडणारी आडवी रेघ आणि मुलांसाठी खाली सोडलेल्या उभ्या रेघा, अशी त्याची साधी चित्रलिपी असते. ज्याच्या ठायी तो गुण दिसतो त्याचे चिन्ह काळे करावयाचे. आईकडून अर्धा वारसा येत असल्यामुळे यातील एकही वर्तुळ गाळून भागत नाही.

नाकाचा आकार किंवा उंची यांचा शोध या रीतीने घेणे कठीण असते, कारण अशा गुणांवर अनेक जनुकांचा परिणाम होतो. रक्तगटाचे तसे नाही. त्याचा वारसा बराच स्वच्छपणे मागे मागे शोधता येतो. रक्तगटाची अशीच एक नवलाची हकीकत आपल्या मुंबईत घडली. ती समजण्यासाठी प्रथम रक्तगट म्हणजे काय ते पाहू.

सर्वांचे रक्त तांबडेच. पण एकाचे रक्त दुसऱ्यास सरसकट चालत नाही. व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये याचे कारण दाखवून दिले. काहींच्या तांबड्या पेशींवर 'ए' नावाचे द्रव्य असते, काहींच्या पेशींवर 'बी', आणि काहींच्या पेशींवर यांपैकी एकही नसते. या शेवटच्या गटास आपण 'ओ' म्हणतो. ज्यांच्या पेशींवर दोन्ही द्रव्ये असतात तो 'एबी' गट पुढच्या वर्षी त्याच्या सहकाऱ्यांना आढळला. जे द्रव्य आपल्या पेशींवर नाही, त्याच्याशी झगडणारे पदार्थ आपल्या रक्तद्रवात पहारेकऱ्यांसारखे उभे असतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. चुकीच्या गटाचे रक्त शरीरात शिरले, तर ही प्रतिपिंडे परक्या पेशींचा नाश करू लागतात, आणि रोग्याच्या प्राणावर बेतते. म्हणून रक्त देण्यापूर्वी दात्याच्या रक्तपेशी व रोग्याचा रक्तद्रव एकत्र करून त्या पेशींच्या गुठळ्या होत नाहीत ना, हे पाहतात. 'ओ' गटाच्या पेशींवर 'ए' नाही व 'बी'ही नाही. त्यामुळे त्या कोणासही चालाव्यात, असा तेव्हाचा समज होता.

मुंबईच्या परळ भागात सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेले के. ई. एम. रुग्णालय आहे. तेथे डॉ. वाय. एम. भेंडे यांना १९५२ च्या सुमारास काही व्यक्तींचे रक्त मोठे विलक्षण आढळले. नेहमीच्या तपासणीत ते 'ओ' गटाचे वाटे. कारण त्यात 'ए' दिसत नव्हते, 'बी'ही दिसत नव्हते. परंतु 'ओ' गटाच्या दुसऱ्या कोणाचेही रक्त घेतले, की त्यांच्या रक्तद्रवात त्याच्या गुठळ्या होत! 'ए' चालेना, 'बी' चालेना, आणि जो सर्वांना चालावयाचा तो 'ओ'ही चालेना. डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि लंडनमधील त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध केला. मुंबईत प्रथम सापडला म्हणून या प्रकारास जगभर 'बॉम्बे रक्तगट' असे म्हणतात. शहराचे इंग्रजी नाव पुढे बदलले. रक्तगटाचे मात्र तेच राहिले.

हे असे का व्हावे? रक्तपेशीच्या पृष्ठभागावर खुंट्या ठोकलेल्या आहेत, अशी कल्पना करा. घरात शिरल्यावर कोणी खुंटीवर पागोटे अडकवितो, कोणी टोपी. 'ए' द्रव्य म्हणजे पागोटे, 'बी' म्हणजे टोपी. 'एबी' गटाच्या पेशीवर काही खुंट्यांना पागोटी असतात, काहींना टोप्या. 'ओ' गटाच्या पेशीवर पागोटेही नसते व टोपीही नसते. खुंट्या मात्र जागच्या जागी असतात. या खुंटीस 'एच' असे नाव आहे. बॉम्बे रक्तगटाच्या पेशीवर ही खुंटीच नसते! त्यामुळे अशा माणसाच्या रक्तद्रवातील पहारेकऱ्यांना 'ओ' गटाची उघडी खुंटीही परकी वाटते आणि ते तिच्यावर तुटून पडतात.

आता वंशवृक्षाकडे वळू. खुंटी तयार करणारे जनुक वेगळे, आणि पागोटे किंवा टोपी देणारे जनुक वेगळे. पहिले माणसाच्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते, दुसरे नवव्या गुणसूत्रावर. त्यामुळे आईवडिलांकडून मुलाकडे येताना ही दोन जनुके एकमेकांची वाट न पाहता स्वतंत्रपणे प्रवास करतात. खुंटीचे एक चांगले जनुक मिळाले तरी पुरते. खुंटी तयार होते. दोन्ही बाजूंनी निकामी जनुकच आले, तरच ती होत नाही. सुरकुतलेल्या वाटाण्यासारखीच ही गोष्ट होय.

समजा, एका कुटुंबात आजोबांचा गट 'बी' आहे व आजीचा 'ओ'. दोघांजवळही खुंटीचे एकेक निकामी जनुक आहे. पण जोडीला एकेक चांगलेही असल्यामुळे ते कधी उघडकीस आलेले नाही. त्यांच्या मुलीला नेमकी दोन्ही निकामी जनुके मिळतात. आजोबांकडून 'बी'चे जनुकही तिला मिळते. पण टोपी आहे आणि खुंटी नाही, अशी तिची अवस्था होते. तपासणीत ती 'ओ' गटाची ठरते. पुढे 'ए' गटाच्या पुरुषाशी तिचा विवाह होतो आणि त्यांच्या मुलाचा गट निघतो 'एबी'! मुलाला खुंटीचे चांगले जनुक वडिलांकडून मिळाले, आणि आईजवळ इतकी वर्षे न दिसता राहिलेली आजोबांची टोपी तिच्यावर जाऊन बसली.

ज्याला हे ठाऊक नाही तो म्हणेल, 'ओ' गटाच्या आईस 'एबी' गटाचे मूल होणे शक्यच नाही. नळीवर चिठ्ठी चुकीची लागली असेल, किंवा प्रसूतिगृहात मुलांची अदलाबदल झाली असेल. एका निष्पाप आईस अशा शंकेमुळे केवढा मनस्ताप व्हावा! अमेरिकेत फिलिप लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये अशाच एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'ओ' गटाच्या वाटणाऱ्या स्त्रीने 'बी'चे जनुक पुढच्या पिढीस दिल्याचे त्यांना आढळले. 'बी' नाहीसे झालेले नव्हते; दुसऱ्या एका जनुकाच्या दोषामुळे ते फक्त दबले होते.

बॉम्बे रक्तगटाची माणसे फार थोडी. मुंबईच्या परिसरात सुमारे दहा हजारांत एक. युरोपात दहा लाखांत एखादी. ज्या घराण्यांत मामे-आते भावंडांचे किंवा मामा-भाचीचे विवाह होतात, तेथे हा गट आढळण्याचा संभव वाढतो. एखाद्या पूर्वजाचे एकच निकामी जनुक अशा वेळी आईच्या व वडिलांच्या अशा दोन वाटांनी येऊन एकाच मुलात भेटू शकते. बाकी या रक्तगटाच्या माणसास काही रोग असतो असे मुळीच नाही. तो इतरांसारखाच धडधाकट असतो. आपले रक्त निराळे आहे हे त्याला पुष्कळदा आयुष्यभर कळतही नाही. कळते ते अपघात, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण अशा प्रसंगी, आणि तेही तपासणारा चोखंदळ असला तर. केवळ 'ए' व 'बी' पाहून थांबणारा त्याला 'ओ' ठरवून मोकळा होईल. खुंटी आहे की नाही, हे पाहण्यासाठी युरोपातील एका काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात. खुंटी असली तर त्या अर्कात पेशींच्या गुठळ्या होतात. नसली तर त्या तशाच सुट्या राहतात. कुठले झुडूप आणि कुठली आपली रक्तपेशी!

अशा रोग्यास बॉम्बे गटाचेच रक्त द्यावे लागते. शहरात हजारो रक्तदाते असले तरी त्यांतील बहुतेकांचा येथे उपयोग नसतो. या गटाच्या दात्यांच्या याद्या राखल्या जातात, आणि दूरदूरच्या गावांहून दाते येऊन रक्त देतात. पण याद्या चाळण्याबरोबरच जवळचा आणखी एक शोध घ्यावयाचा असतो. रोग्याच्या आईवडिलांजवळ बहुधा खुंटीचे एकेक चांगले व एकेक निकामी जनुक असते. म्हणून त्यांच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत बॉम्बे गटाचा संभव चारांत एक इतका असतो. बाहेर दहा हजारांत एक, आणि त्याच घरात चारांत एक! अर्थात चार भावंडे असली की त्यांत एक सापडलाच पाहिजे, असा याचा अर्थ नव्हे. कधी एकही सापडत नाही, कधी दोन सापडतात.

म्हणून रुग्णालयाच्या ओसरीवर काळजीने बसलेल्या नातेवाइकांना रक्तपेढीचा माणूस बाहेर येऊन आधी एक साधा प्रश्न विचारतो, "यांना सख्खी भावंडे किती? आणि ती आत्ता कोठे आहेत?" कोणी सांगते, एक बहीण साताऱ्यास दिली आहे, धाकटा भाऊ येथेच गिरणगावात राहतो. लगेच त्या भावास निरोप जातो. तो धावत येतो, बाही वर करतो. त्याच्या बोटाएवढ्या नळीतील रक्तात बियांच्या अर्काचे थेंब पडतात, आणि गुठळ्या होतात की नाही, हे सर्वजण श्वास रोखून पाहू लागतात.