बारा कप, चार मुले आणि एक रेघ

खेळाचा विषय निघाला की आपल्याकडे गोष्ट क्रिकेटपाशी सुरू होते आणि क्रिकेटपाशीच संपते. फार तर कबड्डी, खो-खो, कुस्ती. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात धुळ्यातील आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत आम्ही प्लास्टिकचे कप रचण्याची शर्यत ठेवली, तेव्हा वडीलधारी मंडळी हसली. "वकीलसाहेब, पोरांना आता चहाच्या टपरीवर बसवता का?" असे एकाने तोंडावरच विचारले. प्रश्न थट्टेचा होता, पण त्यामागे दुखणे होते. शाळा सुटली की टपरीवर कप विसळायला जाणारी मुले आपल्या वस्त्यांत आजही आहेत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट देणे आम्हाला भाग आहे.

कप रचण्याचा हा खेळ अमेरिकेतला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील ओशनसाइड या गावी मुलामुलींच्या एका क्लबात वेन गोडिनेट यांनी तो सुरू केला. पुढे कोलोरॅडोतील बॉब फॉक्स या शिक्षकाने तो शाळाशाळांत नेला आणि २००१ मध्ये त्याची जागतिक संघटना उभी राहिली. हा खेळ कोणा धनिकाच्या क्लबातून नव्हे, तर पोरांना गुंतवून ठेवण्याची चिंता असलेल्या माणसांच्या हातून वाढला, हे ध्यानात घ्या.

खेळ दिसायला सोपा आहे. बारा कप तीन, सहा, तीन अशा तीन गठ्ठ्यांत उपडे ठेवायचे. डावीकडे तीन कपांचा मनोरा, मधे सहांचा, उजवीकडे पुन्हा तीनचा. तिन्ही रचून झाले की त्याच क्रमाने उतरवायचे. पटाईत खेळाडू हे सारे सुमारे दोन सेकंदांत उरकतात. कप एकमेकांत अडकू नयेत म्हणून त्यांच्या बुडाला छिद्रे असतात. आम्ही बाजारातून साधे प्लास्टिकचे पेले आणले आणि खिळा तापवून छिद्रे पाडली. तेवढ्यावर काम भागले.

खरी गंमत आहे ती रिलेत. चार जणांचा संघ. टेबलापासून काही अंतरावर रेघ. पहिल्याने धावत जायचे, मनोरे रचायचे, उतरवायचे आणि परत यायचे. तो परतल्याशिवाय दुसऱ्याला रेघ ओलांडता येत नाही. चौघांचा मिळून वेळ एकच. मनोरा कोसळला तर तो सावरल्याखेरीज पुढे जाता येत नाही. म्हणजे चूक एकाची असली तरी वाट चौघांनी पाहायची.

हे आपल्याला अगदीच परके नाही. लगोरी आठवा. सात चपट्या दगडांची उतरंड चेंडूने फोडायची आणि समोरच्या संघाचा चेंडू चुकवत ती पुन्हा रचायची. तिथेही रचणारा एक आणि त्याच्यासाठी मार खाणारे चार असत. लगोरीला मैदान लागते, इथे एक बाक पुरतो. जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, शाळा सकाळच्या होतात आणि दुपारभर मुले पत्र्याच्या घरात कोंडलेली असतात. अशा दिवसांत छताखाली खेळता येणारा, स्वस्तातला, मुलामुलींना एकत्र खेळता येणारा खेळ हाताशी असणे ही काही लहान गोष्ट नाही.

आता आमच्या शर्यतीत काय घडले ते सांगतो. एका संघात सातवीतली एक मुलगी होती. हात संथ. संघातल्या मोठ्या मुलाच्या वडिलांनी आम्हाला बाजूला घेतले. "सर, तिला बसवा ना. दुसरा पोऱ्या घ्या, हा संघ पहिला येईल." आम्हीही क्षणभर विचारात पडलो, हे कबूल केले पाहिजे. मग म्हटले, जशी नावे लिहिली तशीच राहतील. शर्यतीत त्या मुलीने वेळ घेतला, पण तिचा एकही कप पडला नाही. कोसळला तो सर्वांत चपळ मुलाचा सहांचा मनोरा, आणि तोही दोनदा. मोबाईलच्या घड्याळावर तो संघ तिसरा आला. तिच्यामुळे नाही. त्या वडिलांनी नंतर आमच्याकडे पाहिले नाही, पण मुलीच्या हातात पाण्याचा पेला त्यांनीच दिला.

यातून आम्ही एक शिकलो. वेगवान मूल कोणालाही दिसते, न चुकणारे मूल दिसायला वेळ लागतो. आपल्या शाळांत पहिल्याच दिवशी 'हुशार' आणि 'ढ' अशी वाटणी होते आणि मैदानावरही तीच चालते. ज्याला कधी संघात घेतलेच नाही, त्याला काय येते हे कळणार कसे?

आणखी एक. कप या वस्तूला आमच्या वाडवडिलांच्या आठवणीत वेगळी जागा आहे. हॉटेलाबाहेर वेगळा ठेवलेला कप, स्वतः विसळून पुन्हा तिथेच उपडा घालायचा कप. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ ने हॉटेलातील भांडी वापरण्यास मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला. आमच्या शर्यतीत वस्तीबाहेरचीही मुले आली होती. तेच बारा कप चारही हातांतून गेले, आणि ते कोणी आधी विसळले का, हे एकाही पोराने विचारले नाही. आजोबांच्या पिढीला हे सांगितले तर त्यांना त्याची किंमत कळते.

पण नुसत्या समाधानावर थांबून चालणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य देणे बंधनकारक केले आहे. समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांसाठी क्रीडा साहित्याचे अनुदान ठेवलेले आहे: प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत. साक्री, शिरपूर, यावल, चोपडा तालुक्यांतील पाड्यांवरच्या पालकांना हे आकडे कोणी सांगितले आहेत का? साहित्य आले असेल तर ते मुलांच्या हातात आहे की मुख्याध्यापकांच्या कपाटात? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांना प्रमाणात प्रतिनिधित्व असते. अनुदानाचा विनियोग तपासणे हे या समितीचे कामच आहे. तिथे उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

दोन इशारेही देतो. पहिला, बाकावरचा खेळ आहे म्हणून मैदान नको, असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. कप हे मैदानाला पर्याय नव्हेत. दुसरा, महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने खेळाडूंना नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण दिले आणि १ जुलै २०१६ ला त्याचे नियम सुधारले. या आरक्षणाच्या आशेवर नवनव्या खेळांची प्रमाणपत्रे विकणारी दुकाने निघाली. कोणी शुल्क मागून 'राष्ट्रीय' प्रमाणपत्राचे आमिष दाखवले, तर तो खेळ आणि ती स्पर्धा शासन निर्णयात बसते का, हे आधी वाचा. मग खिशात हात घाला. गरीब बापाचे पैसे कागदाच्या चिटोऱ्यावर जाऊ नयेत.

आमचे म्हणणे साधे आहे. येत्या जयंतीच्या कार्यक्रमात डीजेच्या वर्गणीतून डझनभर पेले बाजूला काढा. एक बाक मांडा, खडूने रेघ ओढा. चिठ्ठ्या टाकून संघ पाडा, म्हणजे कोणाला वगळायचे हा प्रश्नच उरत नाही. मुलांना रेघेवर आपल्या सोबत्याची वाट पाहू द्या. तो अडखळला तर ओरडू नका, त्याला मनोरा सावरू द्या. पोरे ते शिकतात. मोठ्यांनीही शिकायला हरकत नाही.