साडेसहा मिलिमीटरच्या रुळांवरची पकड

लघुरेल्वेच्या जगात झेड या नावाने ओळखले जाणारे प्रमाण जर्मनीतील ग्योपिंगन येथील मेर्क्लिन या कंपनीने १९७२ साली ‘मिनी-क्लब’ या नावाने बाजारात आणले. या प्रमाणात खऱ्या गाडीची प्रत्येक लांबी २२० पटींनी लहान होते आणि दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, अवघे ६.५ मिलिमीटर उरते. पुण्यात कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात ज्या गाड्या धावतात त्या १:८७ प्रमाणातल्या, म्हणजे लांबीने यांच्या अडीचपट असतात. झेडसारख्या लहान आकारात मोटरचा जोर सहसा पुरतो, अपुरी पडते ती चाकांची रुळांवरची पकड. मोटर फिरत राहते, चाकेही फिरत राहतात आणि गाडी मात्र चढणीच्या मध्यावर जागची हलत नाही.

पकडीचे गणित मुळात सोपे आहे. चालक चाकांवर, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या चाकांवर, जेवढे वजन पडते त्याला घर्षणांकाने गुणले की इंजिन जास्तीत जास्त किती ओढू शकेल ते कळते. घर्षणांक म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती अडतात ते सांगणारी संख्या. भारतीय रेल्वेचे डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचे विद्युत इंजिन १२३ टनांचे आहे. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही २२० पटींनी घटल्या की वजन एक कोटी सहा लाखांहून अधिक पटींनी घटते, आणि त्या हिशेबाने हे इंजिन झेड प्रमाणात जेमतेम साडेअकरा ग्रॅमचे ठरते. परंतु डब्यांचे वजनही त्याच पटीने घटत असल्यामुळे ओढणारा आणि ओढला जाणारा यांचे परस्पर प्रमाण खरे तर बिघडायला नको. कर्जतहून लोणावळ्याला जाताना भोर घाटात १:३७ ची चढण लागते आणि तेथे गाडीला मागून बँकर इंजिने रेटा देतात. याच चढणीवर लहान गाडीच्या दर १०० ग्रॅम वजनामागे केवळ चढण्यासाठी सुमारे २.७ ग्रॅमभार ओढ लागते, आणि हे गुणोत्तर कोणत्याही प्रमाणात तेच राहते.

अडचण येते ती जे लहान होत नाही त्याच्यामुळे. धुळीचा कण, तेलाचा चिकटपणा, आसाच्या टोकाशी होणारे घर्षण आणि चाकांवरून वीज घेणाऱ्या पातळ पट्टीचा दाब यांपैकी काहीही घनाच्या पटीने घटत नाही, त्यामुळे गाडी जितकी लहान तितका या फुटकळ विरोधांचा वाटा मोठा होत जातो. त्यात टेबलावर मावण्यासाठी वळणेही अतिशय तीव्र घ्यावी लागतात. मेर्क्लिनच्या झेड रुळांचे सर्वांत लहान वळण १४५ मिलिमीटर त्रिज्येचे आहे, म्हणजे खऱ्या मापात सुमारे ३२ मीटर, आणि अशा वळणावर एकाच आसावरील दोन चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागत असल्याने त्यांपैकी एकाला घासत जावेच लागते. शिवाय या इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. जे चाक ओढते तेच वीजही घेते, आणि पकड वाढवण्याच्या प्रत्येक उपायाची खरी परीक्षा येथे होते.

म्हणूनच पकड वाढवण्याआधी पकडीची गरज कमी करणे हाच शहाणपणाचा क्रम होय. डब्यांची चाके हलकी फिरतात की नाही हे पाहणे, रूळ एका पातळीत बसवणे, चढण आणि तीव्र वळण एकाच जागी येऊ न देणे आणि चाके-रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यांवरचा काळा थर काढणे या कंटाळवाण्या कामांनी जे साधते ते पुष्कळदा कोणत्याही महागड्या उपायाने साधत नाही. वीज चांगली मिळावी म्हणून रुळांवर ग्राफाइट घासण्याची पद्धत आहे, पण त्याचे प्रमाण थोडे वाढले तरी चाके घसरू लागतात. खऱ्या इंजिनाला घाटात तारणारी वाळू येथे निरुपयोगी असते, कारण तिचा एक कण दातेरी चाकांत शिरला तर इंजिनच अडते.

यानंतर विचार येतो वजनाचा. एका घनसेंटिमीटरमध्ये पितळ सुमारे ८.५ ग्रॅम, शिसे ११.३ ग्रॅम आणि टंगस्टन १९.३ ग्रॅम भरते. जागेचीच चणचण असलेल्या या इंजिनात त्यामुळे टंगस्टनची भुकटी मिसळलेली पुटी मोलाची ठरते. ती टपाच्या आतल्या सांदीकोपऱ्यांत दाबून बसवतात, मात्र वजन किती वाढवले यापेक्षा ते कोठे ठेवले हे अधिक महत्त्वाचे असते. इंजिन पेन्सिलीवर आडवे तोलून पाहिले असता तोल चालक चाकांच्या मध्यावर यायला हवा, नाहीतर मागची चाके दबतात आणि पुढची नुसती रुळांना टेकून फिरतात. अनेक इंजिनांचा सांगाडा दोन धातूच्या अर्धुकांचा असतो व प्रत्येक अर्धुक एकेका रुळाची वीज वाहते, त्यामुळे भरलेला धातू दोन्हींना टेकला तर शॉर्ट होतो. वजनाला मोटरही मर्यादा घालते: इंजिन हाताने अडवून पूर्ण वीज दिली असता चाके घसरलीच पाहिजेत, कारण ती घसरली नाहीत तर मोटर थांबते आणि तिची गुंडाळी जळू शकते.

घर्षणांक वाढवण्याचा जुना उपाय म्हणजे चाकाच्या खाचेत बसवलेले रबरी कडे. झेडमध्ये चाक सुमारे पाच मिलिमीटर व्यासाचे असल्याने त्यावर नवी खाच पाडणे घरच्या अवजारांचे काम नव्हे, म्हणून ‘बुलफ्रॉग स्नॉट’सारखे हिरवे द्रवरूप प्लास्टिक वापरतात. इंजिन फोमच्या खोबणीत उलटे ठेवून, इतर चाकांना दोन तारा टेकवून मोटर अगदी सावकाश फिरवतात आणि टूथपिकच्या टोकाने त्या द्रवाचा थेंब फिरत्या चाकाच्या धावेला लावतात; थेंब पसरत जाऊन एकसारखा थर बसला की पूर्ण वाळेपर्यंत इंजिनाला हात लावत नाहीत. थर जाड झाला तर चाक मोठे होऊन इंजिन डुलते. हा थर वीज वाहत नसल्यामुळे तो एका-दोन चाकांपुरताच ठेवावा लागतो, आणि वीज घेणारी चाके आधीच मोजकी असलेल्या लहान इंजिनात तो टाळलेलाच बरा.

उरतो चुंबकाचा मार्ग. ब्रिटनमधील ट्राय-अँग कंपनीने तो १९६०च्या दशकात ‘मॅग्नॲडहिजन’ या नावाने मोठ्या प्रमाणाच्या इंजिनांत वापरला होता. इंजिनातील चुंबक पोलादी रुळांकडे ओढला जाई आणि वजन न वाढवता चाकांवरचा दाब वाढे. झेडचे रूळ बहुधा जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असल्याने चुंबकाला दाद देत नाहीत. तेथे चढणीपुरती लोखंडी पत्र्याची पट्टी रुळांखाली बसवता येते, पण चुंबक आणि पट्टी यांच्यातले अंतर थोडे वाढले तरी ओढ झपाट्याने घटते. जपानच्या एइशिंदो कंपनीने २००६ साली टोकियोच्या खेळणी प्रदर्शनात मांडलेल्या टी गेजमध्ये मात्र रूळ ३ मिलिमीटर अंतरावर आणि प्रमाण १:४५० असल्याने हा मार्ग जवळजवळ अपरिहार्य झाला. वर सांगितलेले १२३ टनांचे इंजिन या मापात सव्वा ग्रॅमच्या आसपास, एक रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याहूनही हलके ठरते, आणि तेवढ्या भाराने रुळांशी धड विद्युतसंपर्कही होत नाही. म्हणून तेथे रूळ पोलादी ठेवून चालक चाकेच चुंबकीय केलेली आहेत. पकड आणि वीज या दोन्ही गरजा येथे एकाच उपायाने भागतात, मात्र अशा गाडीसाठी रूळ कापून-घासून झाल्यावर राहिलेला लोखंडाचा कीस टिपून घेतल्याशिवाय इंजिन रुळांवर ठेवू नये, कारण तो थेट चाकांना चिकटतो आणि तेथून दातेरी चाकांत जातो.