खार गोल गोल का फिरते?

जखमी किंवा पोरक्या झालेल्या वन्य प्राण्यांवर उपचार करून त्यांना पुन्हा मोकळे सोडणारी पुनर्वसन केंद्रे अमेरिकेत अनेक ठिकाणी आहेत. करड्या खारीच्या विणीचे वर्षातून दोन हंगाम असतात. त्या दिवसांत तेथे पुठ्ठ्याच्या खोक्यांतून खारी येऊ लागतात. बरीचशी घरट्यातून पडलेली पिल्ले असतात. पण काही खारींची तऱ्हाच वेगळी असते. मान एका बाजूला कललेली, चालू लागली की एकाच दिशेने गोल फिरणारी, मागचे पाय ओढणारी, मधूनच झटके येणारी. अशी खार घेऊन येणाऱ्याच्या मनात बहुधा पहिली शंका येते ती रेबीजची.

ही शंका बहुतेक वेळा चुकीची ठरते. रेबीज कोणत्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो हे खरे. पण खारी, उंदीर यांसारख्या लहान कृंतकांत तो जवळजवळ आढळतच नाही. मग या खारीला झाले आहे तरी काय? या प्रश्नाच्या उत्तरावर तिचे जगणे-मरणे अवलंबून असते. कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या या आजारांपैकी एक काही तासांत आटोक्यात येऊ शकतो, तर दुसऱ्यावर हमखास इलाज नाही.

लक्षण जागा सांगते, कारण सांगत नाही

आपल्या दोन्ही कानांच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी इंद्रिये असतात. दोन्ही बाजूंकडून मेंदूकडे सतत संदेश जात असतात आणि मेंदू त्यांची तुलना करत असतो. डोके उजवीकडे वळले की उजवीकडचे संदेश वाढतात, डावीकडचे कमी होतात. आता समजा, डावीकडची यंत्रणा आजाराने मंदावली. डोके स्थिर असले तरी उजवीकडचे संदेश जास्त भरतात आणि आपण उजवीकडे फिरतो आहोत असा मेंदूचा समज होतो. तोल सावरण्याच्या धडपडीत खार डावीकडे कलते आणि डावीकडेच गोल फिरू लागते. विद्यार्थ्यांनी जागच्या जागी गिरक्या घेऊन एकदम थांबून पाहावे. डोके स्थिर असूनही खोली फिरत असल्याचा भास होतो, तो या संदेशांच्या घोटाळ्यामुळेच.

म्हणजे गोल फिरण्यावरून बिघाड कोठे असावा हे कळते. पण तो अंतर्कर्णातील जंतुसंसर्गाने झाला, डोक्याच्या माराने झाला की मेंदूत शिरलेल्या जंताने झाला, हे त्यावरून कळत नाही. म्हणून पशुवैद्य आणखी काही साध्या गोष्टी पाहतात. कुशीवर ठेवलेली खार स्वतः सरळ होते का? पंजा उलटा टेकवला तर ती तो सरळ करते का? मागच्या पायाचे बोट दाबल्यावर तिला वेदना जाणवते का? दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का? बुबुळे थरथरतात का, आणि आडवी की उभी? उभी थरथरत असतील तर बिघाड कानात नसून मेंदूत असण्याची शक्यता अधिक.

याच्या जोडीला हवी ती हकीकत. खार कोठे सापडली? किती दिवस पाळलेली होती? काय खात होती? पुष्कळदा निदान येथेच होते.

शेंगदाण्यांचा आजार

लोकांनी हौसेने घरी वाढवलेल्या खारी शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बियांवर पोसलेल्या असतात. खारीच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या निदान बरोबरीने, शक्यतो दुप्पट असावे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत कॅल्शियम सुमारे ९० मिलिग्रॅम, तर फॉस्फरस सुमारे ३७५ मिलिग्रॅम असते. सूर्यफुलाच्या बियांत हेच आकडे सुमारे ८० आणि ६६० आहेत. म्हणजे प्रमाण नेमके उलटे, एकास चार आणि एकास आठ.

रक्तातील कॅल्शियम घटू लागले की मानेतील परावटू ग्रंथींचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम खेचून रक्तात आणते. रक्ताचा हिशेब जुळतो, पण हाडे पोखरली जातात. कण्याचे मणके खचले तर मज्जारज्जू दाबला जातो आणि मागचे पाय लुळे पडतात. शेवटी हाडांची पुंजीही अपुरी पडते. चेतापेशींच्या आवरणात सोडियमची जणू दारे असतात आणि बाहेरचे कॅल्शियम ती सहजासहजी उघडू देत नाही. ते कमी झाले की क्षुल्लक कारणानेही चेतापेशी उद्दीपित होतात, खार थरथरते आणि तिला झटके येतात.

येथे तपासणीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. हाडांतून कॅल्शियम खेचणारी ही यंत्रणा चालू असेपर्यंत रक्ताचा अहवाल जवळजवळ निर्दोष येऊ शकतो. क्ष-किरण चित्रात हाडांची झीज दिसू लागते तोवर त्यांतील निदान तिसरा हिस्सा खनिज गेलेले असते. शिवाय वजनाच्या सुमारे एक टक्क्यापेक्षा जास्त रक्त काढणे धोक्याचे. ५० ग्रॅमच्या पिल्लाच्या बाबतीत ते जेमतेम अर्धा मिलिलिटर भरते!

रॅकूनचा जंत

रॅकून या प्राण्याच्या आतड्यात बेलिसअॅस्कॅरिस नावाचा गोलकृमी राहतो. त्याची मादी दिवसाला लाखाहून अधिक अंडी घालते. रॅकून ठरावीक जागी विष्ठा टाकतात. अंडी दोन ते चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. विष्ठेतील न पचलेल्या बिया वेचायला खारी तेथे येतात आणि अंडी त्यांच्या पोटात जातात. अळ्या आतड्यातून बाहेर पडून शरीरभर भटकतात. त्यांतील थोड्याच मेंदूत पोचतात, पण लहान प्राण्याचा मेंदू बिघडवण्यास तेवढ्या पुरेशा होतात. खारीचा तोल जातो, भीती नाहीशी होते, आणि अशी खार रॅकूनच्या तोंडी सहज लागते. अळ्या पुन्हा आपल्या मूळ आश्रयदात्याकडे पोचतात.

जिवंत खारीत याचे खात्रीचे निदान फार अवघड आहे. ते बहुधा शवविच्छेदनातच होते. अल्बेंडाझोल हे औषध लवकर दिले तर उपयोगी पडू शकते. लक्षणे दिसेपर्यंत मात्र मेंदूचे नुकसान झालेले असते. खारीच्या विष्ठेतून ही अंडी पडत नाहीत. पण ज्या पिंजऱ्यात पूर्वी रॅकून होता त्यात खार ठेवू नये, कारण ती अंडी नेहमीच्या जंतुनाशकांनी मरत नाहीत. त्यांना उकळते पाणी किंवा ज्योतच लागते.

विष, विषाणू आणि मार

ब्रोमेथॅलिन हे उंदीरनाशक चेतासंस्थेतील ऊर्जानिर्मिती बंद पाडते. पेशींतून सोडियम बाहेर फेकणारा पंप थांबतो, पाणी आत शिरते आणि मेंदूला सूज येते. यावर उतारा नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रथम न्यूयॉर्कमध्ये आढळलेला वेस्ट नाइल विषाणू पुढे तेथील खारींतही सापडला. त्यावरही नेमके औषध नाही. शुश्रूषा एवढेच हाती राहते.

डोक्याला मार लागलेल्या प्राण्याला पूर्वी स्टेरॉइड देण्याची पद्धत होती. २००४ मध्ये माणसांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डोक्याला इजा झालेल्या सुमारे दहा हजार रुग्णांच्या त्या पाहणीत स्टेरॉइड दिलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. तेव्हापासून प्राण्यांच्या बाबतीतही ही सवय मागे पडली. अंधार, शांतता, डोके किंचित उंच, प्राणवायू आणि गरज पडल्यास मेंदूची सूज उतरवणारी औषधे, असा आजचा क्रम आहे.

आधी काय करावे?

कारण ठाऊक नसताना उपचाराचा क्रम कसा ठरवायचा? जे कमी धोक्याचे आहे आणि ज्याला उशीर परवडत नाही, ते आधी. प्रथम ऊब, मग पाणी आणि साखर, मग हकीकत जुळत असेल तर कॅल्शियम. तेही शिरेतून द्यायचे तर पशुवैद्यानेच, अतिशय सावकाश. घाई केली तर हृदय थांबू शकते. काही तासांत थरथर थांबली तर निदानाला मोठाच आधार मिळतो. मात्र कॅल्शियम, जंतनाशक आणि प्रतिजैविक एकदमच दिले आणि खार बरी झाली, तर कशाने बरी झाली हे कळत नाही. पुढच्या खारीच्या वेळी आपण पहिल्याइतकेच अज्ञानी असतो.

जी खार चढू शकत नाही, उडी मारू शकत नाही, कुत्र्याला भीत नाही, ती बाहेर जगणार नाही. अशा वेळी तिला वेदनारहित मरण देण्याचा निर्णय केंद्राला घ्यावा लागतो. तो घाईने होऊ नये आणि विनाकारण लांबूही नये, एवढ्यासाठीच निदानाचा हा सारा खटाटोप.

आपल्या अंगणात

आपल्याकडे रानात रॅकून नाहीत, त्यामुळे त्यांच्या जंताची ही भीती नाही. पण पाठीवर रामाची बोटे मिरवणाऱ्या आपल्या पट्टेरी खारीलाही कॅल्शियमचा नियम चुकत नाही. घरट्यातून पडलेले पिल्लू मुले शाळेत आणतात आणि बिस्किट, शेंगदाणे भरवू लागतात. गार पडलेल्या पिल्लाला काहीही भरवू नये. ते गिळू शकत नाही, पचवूही शकत नाही. त्याला आधी ऊब द्यावी आणि पशुवैद्याकडे किंवा वनखात्याकडे पोचवावे. ते चावले तर जखम साबणाने धुऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

वर्गात एक उपक्रम करता येईल. अन्नघटकांच्या कोष्टकातून शेंगदाणे, मका, शेवग्याची पाने, दूध यांतील कॅल्शियम आणि फॉस्फरसचे आकडे काढून त्यांचे प्रमाण मांडावे. भागाकार चौथीचाच आहे. पण एखाद्या खारीचे मागचे पाय का लुळे पडले, ते मुलांना त्यातून समजेल.