झपाझप चालताना रक्तात काय घडतं?

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या चौपाटीवर सकाळी खाडीचा वारा अंगावर घेत माणसं झपाझप चालत असतात. कुणाला साखर आटोक्यात ठेवायची असते, कुणाला पोट उतरवायचं असतं. त्या वेळी त्यांच्या रक्तात काय उलथापालथ चाललेली असते, हे कळलं तर ती जागीच थबकतील!

दम लागेल असं चालू लागलं की अॅड्रेनलिन वाढतं. काही मिनिटांतच रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या ‘नॅचरल किलर’ पेशी सुटून प्रवाहात येतात. बिघडलेली पेशी हेरायची आणि फोडायची, हेच त्यांचं काम. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी उंदरांच्या पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवलं. चाकावर धावणाऱ्यांच्या कर्करोगाच्या गाठी बसून राहिलेल्यांपेक्षा निम्म्याहून लहान भरल्या, आणि आत या किलर पेशी शिरलेल्या होत्या. त्या पेशीच काढून टाकल्यावर मात्र धावूनही गाठींवर फरक पडेना. हे संशोधन 2016 साली प्रसिद्ध झालं.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांवरचा भक्कम पुरावा 2025 मध्ये आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो झालेले 889 रुग्ण, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांच्या हाती व्यायामाची माहितीपुस्तिका दिली, निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शक दिला. आठ वर्षांनंतर पुस्तिकावाल्यांपैकी सुमारे 83 टक्के हयात होते, मार्गदर्शकवाल्यांपैकी 90 टक्के. शंभरांत सात माणसं जास्त! आणि वाढीव व्यायाम किती, तर आठवड्यातून तीन-चारदा पाऊण-एक तास भरभर चालण्याइतका.

आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलातही स्तनाच्या कर्करोगाच्या 850 स्त्रियांवर योगाची चाचणी झाली. 2022 मध्ये डॉ. नीता नायर यांनी अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओच्या परिषदेत ती मांडली. योग करणाऱ्या गटात थकवा आणि वेदना कमी आढळल्या.

केमो, रेडिएशन सोडून चालायला लागा, असा याचा अर्थ मुळीच नाही. हाडांत आजार पसरलेला असेल, रक्तातल्या प्लेटलेट उतरल्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. कॅनडाच्या चाचणीतही व्यायामाच्या गटात स्नायू-सांध्यांची दुखणी जास्त होती. मला तिथला मार्गदर्शक फार मोलाचा वाटतो. ‘चालत जा’ हा सल्ला पुस्तिकेतही होताच. फरक पडला तो तीन वर्षं पाठीशी राहणाऱ्या माणसामुळे. भाईंदर पश्चिमेच्या भीमसेन जोशी रुग्णालयात केमो संपवून घरी परतलेल्यांसाठी असा एक फिजिओथेरपिस्ट बसला, तर चालायला खाडीकाठ आहेच.