घोडा ‘चौकोनी’ उभा राहतो, तेव्हा नेमकं काय शिकतो?

अमेरिकेत घोड्यांच्या प्रदर्शनांत ‘हॉल्टर’ आणि ‘शोमनशिप’ असे दोन वर्ग असतात. पहिल्यात परीक्षक घोड्याची शरीरबांधणी बघतात, दुसऱ्यात घोडा धरणाऱ्याचं कौशल्य. क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्याने दोन्हींत चौकोनी उभं राहायचं असतं. शोमनशिपमध्ये तर हे घोड्याला हात न लावता, फक्त दोरीच्या इशाऱ्यावर साधायचं!

तुम्ही वर्तनावर संशोधन करणार असाल, तर हे उदाहरण फार कामाचं आहे.

पहिला प्रश्न व्याख्येचा. ‘नीट उभा’ म्हणजे काय? हे मोजता येत नाही. ‘पुढचे दोन खूर एका रेषेत, मागचे दोन एका रेषेत, चारही पायांवर वजन’ हे मोजता येतं. यालाच आपण कार्यात्मक व्याख्या म्हणतो. दोन निरीक्षकांनी वेगवेगळं बघूनही उत्तर एकच यायला हवं. आणि व्याख्या संदर्भानुसार बदलते: अरबी घोड्याच्या हॉल्टर वर्गात एक मागचा पाय थोडा मागे ठेवलेला चालतो.

दुसरा प्रश्न, हे अवघड का? कारण उभ्या उभ्या आराम करताना घोडा एक मागचा पाय सैल सोडतो, मग दुसरा. म्हणजे चौकोनी उभं राहणं त्याला शिकवावंच लागतं.

बरेच जण आधी मागचा उजवा पाय पक्का करतात. मग त्याच्या जोडीला डावा आणतात, शेवटी पुढचे दोन. पाय हलवायचा तर आधी त्यावरचं वजन कमी व्हायला हवं, म्हणून दोरीने डोकं किंचित वळवतात आणि हलका दाब देतात. पाय योग्य दिशेला हलला की दाब त्याच क्षणी सोडायचा. शिकवण त्या सोडण्यात आहे. नको असलेली गोष्ट निघून गेल्याने वर्तन बळावतं, याला ऋण प्रबलन म्हणतात. ही शिक्षा नव्हे. परीक्षेत इथेच गोंधळ होतो. दाब उशिरा सोडला, तर तोवर घोड्याने मान झटकलेली असते आणि तो तेच शिकतो.

सुरुवातीला पाय नुसता हलला तरी पुरे. पुढे योग्य जागी पडला तरच दाब सोडायचा, मग दोन सेकंद थांबला तर, मग दहा. निकष असा पायरीपायरीने वाढवणं म्हणजे शेपिंग.

शेवटी एक शंका घ्याच: घोडा दोरीला प्रतिसाद देतोय, की माणसाच्या खांद्याला? बर्लिनच्या ‘हुशार हान्स’ या घोड्याला गणित येतं असं लोक मानत. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्टने दाखवलं की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता.

आता सराव म्हणून हे करून बघा: इथे दोरीचा आणि शरीराचा इशारा वेगळा काढणारा प्रयोग कसा रचाल? स्वतंत्र चल, परतंत्र चल आणि नियंत्रण लिहून काढा.