टाकीपुढची माती

घरगुती सेप्टिक टाकीचा विचार करताना तिची लांबी-रुंदी, विटांचे वा काँक्रीटचे बांधकाम आणि वरची झाकणे यांची पुष्कळ चर्चा होते. टाकीतून बाहेर पडणारे पाणी ज्या जमिनीत मुरणार, तिचा प्रश्न मात्र ‘पुढे एक शोषखड्डा काढू’ एवढ्यावरच मिटवला जातो. वस्तुतः टाकीचे काम मर्यादित आहे. मैल्यातील जड भाग तिच्या तळाशी बसतो, तेलकट व हलका भाग पृष्ठभागावर जमतो, हवेशिवाय जगणारे जीवाणू तळच्या गाळाचे हळूहळू विघटन करतात आणि या दोन थरांमधले पाणी पुढच्या नळातून निघून जाते. ते बरेचसे निवळलेले दिसले, तरी विरघळलेली सेंद्रिय घाण आणि रोगजंतू त्यात मोठ्या प्रमाणात उरलेले असतात, आणि त्यांचा खरा बंदोबस्त मातीच करते. शोषखड्ड्याची भिंत व माती जिथे मिळतात तिथे काही महिन्यांत जीवाणू आणि त्यांनी सोडलेला चिकट पदार्थ यांचा एक काळपट पापुद्रा तयार होतो. पाणी त्यातून थेंबाथेंबाने झिरपते आणि पलीकडच्या ओलसर पण हवा खेळत्या मातीतून कणांना लगटून उतरताना त्यातील जंतू अडकतात, मरतात किंवा मातीतल्या इतर सूक्ष्मजीवांचे भक्ष्य होतात. मातीची पोकळी पाण्याने पूर्ण भरली, म्हणजे हवा संपली, की ही शुद्धी जवळजवळ थांबते. म्हणून पाणी मुरते की नाही यासोबत ते किती वेगाने आणि कोणत्या अवस्थेतील मातीतून मुरते, हे पाहणे आवश्यक ठरते.

हे पाहण्याची रूढ रीत म्हणजे पाझर चाचणी. शोषखड्डा वा चर जितका खोल जाणार, तितक्या खोलीपर्यंत १०० ते ३०० मिलिमीटर रुंदीचे छिद्र खणतात. पहार-फावड्याने घोटल्या गेलेल्या बाजू टोकदार हत्याराने खरवडतात, कारण चिकणमातीवर लोखंड घासले की तिची छिद्रे लिंपली जातात आणि जमीन आहे त्याहून बंद भासते. तळाशी ५० मिलिमीटर बारीक खडी पसरतात, ३०० मिलिमीटरपर्यंत पाणी भरतात आणि ते किमान चार तास, शक्यतो रात्रभर, टिकवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी पातळी खडीच्या वर १५० मिलिमीटरवर आणून अर्ध्या तासात पाणी किती उतरले ते मोजतात आणि त्यावरून २५ मिलिमीटर उतरण्यास लागणारा वेळ काढतात. हा वेळ एका तासापेक्षा जास्त निघाला, तर ती जागा नेहमीच्या शोषखड्ड्याला योग्य मानली जात नाही.

रात्रभर भिजवण्याच्या या पायरीचे खरे मोल दख्खनच्या काळ्या मातीत कळते. या मातीतील स्मेक्टाइट गटाची मृद्‌खनिजे पाणी घेऊन फुगतात आणि वाळताना आक्रसतात, त्यामुळे वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा वेळी घाईने केलेल्या चाचणीत पाणी पाहता पाहता नाहीसे होते आणि जमीन उत्तम शोषणारी आहे असा निष्कर्ष निघतो. पण ते पाणी मातीत मुरलेले नसून भेगांतून खाली धावलेले असते. मृग बरसला की भेगा मिटतात, माती फुगून छिद्रे दबतात आणि उन्हाळ्यात नीट चाललेला खड्डा श्रावणात तोंडापर्यंत भरतो. काळ्या जमिनीत एका रात्रीचे भिजणेही अपुरे पडू शकते. त्यामुळे पावसाळ्याच्या अखेरीस, माती पुरती फुगलेली असताना घेतलेले मोजमापच विश्वसनीय मानावे. ‘मुरूम लागेपर्यंत खणा’ हा गवंड्यांचा सल्ला येथे अनुभवसिद्ध आहे, कारण काळ्या थराखालचा मुरूम, म्हणजे झिजलेला बेसाल्ट, पाणी वाहू देतो. मात्र तोच थर गावच्या विहिरींनाही पाणी पुरवतो, आणि मुरमाखालच्या कातळाच्या चिरांतून गेलेले पाणी गाळले न जाताच पुढे सरकते. मुरूम उथळ असेल आणि भूजल वर येत असेल, तर केवळ खोल जाणे म्हणजे समस्या नजरेआड करणे होय. याउलट दोन खड्ड्यांच्या शौचालयांसाठी काळ्या मातीत सुचवलेला उपाय, म्हणजे खड्ड्याच्या अस्तराबाहेर सर्व बाजूंनी ३०० मिलिमीटर जाडीची वाळू वा बारीक खडी भरणे, अधिक विवेकी आहे. त्याने पाणी मातीच्या मोठ्या पृष्ठभागाला भिडते आणि फुगणाऱ्या मातीचा दाब थेट भिंतीवर येत नाही.

पृष्ठभागाचे हे गणित फारसे कोणी मांडत नाही. याच शौचालयांच्या भारतीय मानकात दर चौरस मीटरला दररोज ५० लिटर मुरण्याची क्षमता वाळूसाठी आणि १० लिटर घट्ट चिकणमातीसाठी धरली आहे. चार माणसांच्या घरातून स्नान-धुण्यासह रोज ४०० लिटर पाणी टाकीत जात असेल, तर या हिशेबाने वाळूत ८ आणि चिकणमातीत ४० चौरस मीटर मुरणारी भिंत हवी. एक मीटर व्यासाच्या व दोन मीटर उपयुक्त खोलीच्या खड्ड्याची भिंत जेमतेम सव्वासहा चौरस मीटर भरते. म्हणजे जिथे वाळूत दोन खड्डे पुरतात, तिथे चिकणमातीत सात लागतील; तरीही नांदेडपासून मालवणपर्यंत एकच नकाशा वापरला जातो, आणि ही बेफिकिरी खरोखर चिंतेची आहे.

कोकण व गोव्यातील जांभ्याची अडचण निराळी आहे. सड्यावरचे कवच कठीण असले, तरी त्याच्या आत नळ्यांसारख्या पोकळ्या असतात आणि खाली बहुधा चिकणमातीचा थर असतो. पोकळ्यांतून झपाट्याने उतरलेले पाणी या थरावर अडून आडवे सरकते आणि उतारावरच्या झऱ्यात वा विहिरीत निघते. जांभ्यातील लोहाची संयुगे फॉस्फरस चांगला धरून ठेवतात; जंतूंना मात्र मातीच्या सहवासात जो वेळ मिळायला हवा तो मिळत नाही. येथे खड्डा लवकर रिकामा होणे हा गुण नसून धोक्याची सूचना आहे. अशा भरड वा चिरा असलेल्या जमिनीत खड्ड्याचा तळ बंद करून भोवती ५०० मिलिमीटर बारीक वाळूचे वेष्टन द्यावे, म्हणजे निसर्गाने न दिलेला गाळणारा थर हाताने तयार होतो. किनाऱ्यालगतच्या पुळणीतही पाणी सहज मुरते, तो काळपट पापुद्रा तिथे वेग आवरून उपकारच करतो. पण नायट्रेट त्याला अडत नाही आणि आगरातल्या उथळ विहिरींचे गोडे पाणी थोड्याच खोलीवर असते.

शिवाय टाकी वेळेवर उपसली नाही, तर तिच्यातील गाळ पाण्याबरोबर पुढे जाऊन खड्ड्याच्या भिंती कायमच्या बुजवतो. चिकणमातीत हे आधी घडते, वाळूत उशिरा. भूजल पावसाळ्यात खड्ड्याच्या तळाशी टेकत असेल, तर खोली वाढवण्याऐवजी जमिनीवर वाळूचा उंचवटा रचून त्यातून पाणी मुरवणे, किंवा मुरवण्याचा विचार सोडून गाळण टाकीचा आधार घेणे भाग पडते. त्यासाठी जागा लागते. गुंठा-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांत पाडलेल्या नव्या वसाहतींत ती उरत नाही. म्हणून भूखंडाचे रेखांकन मंजूर होण्यापूर्वीच प्रत्येक भूखंडावर माती तपासून, शेजारच्या विहिरींसह मुरण्याची जागा नकाशावर दाखवणे बंधनकारक असायला हवे.